मशिदीत ठेवून ये

"मास्तर, तुमच्यात चोराला शिक्षा काय असते?"

फादर सिरिल आमच्या ओटीवर आले, चपला नीट जोडून ठेवल्या, आणि टेकायच्या आधीच त्यांनी हे विचारलं. माझे बाबा, हायेम मास्तर, सुपारी कातरत बसले होते. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण कुणी प्रश्न विचारला की त्यांची पाठ आपोआप ताठ व्हायची.

"सापडला तर दुप्पट भरायचं," बाबा म्हणाले. "एक बैल चोरला तर दोन परत."

"आणि समजा, स्वतःहून आला तर?"

"मग जेवढ्यास तेवढं. वरचा दंड माफ. पण ज्याचं नेलं त्याच्या समोर उभं राहून माफी मागायची. नुसतं देवाकडे मागून उपयोग नाही. देव म्हणतो, आधी शेजाऱ्याकडे जाऊन या, मग माझ्याकडे."

फादरांचा चेहरा पडला. "समोरच उभं राहायला पाहिजे? म्हणजे वस्तू गुपचूप परत आली, तर तुमच्यात नाही चालत?"

"वस्तू मिळाली तर वस्तूचं भागतं. माणसाचं नाही भागत." बाबांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. "फादर, तुम्हाला काय माहीत आहे?"

"मला? मला काय माहीत असणार," फादर म्हणाले, आणि मी आणून दिलेलं तांब्याभर पाणी एका दमात पिऊन निघून गेले. भर उन्हात छत्री ओटीवरच विसरले.

मी तेव्हा बाविशीची. वावेबंदरात बालवाडी चालवायचे आणि फटकळ म्हणून गावभर माझं नाव होतं. सिपोराच्या तोंडाला लागू नका, असं बायका एकमेकींना सांगायच्या. वावेबंदर म्हणजे अलिबागच्या खाली, खाडीच्या तोंडावरचं आमचं गाव. एका अंगाला मुसलमान मोहल्ला, दुसऱ्या अंगाला चर्चची वाडी, मध्ये बाजार, आणि बाजारामागे आम्ही बेने इस्रायल, म्हणजे ज्यू. एके काळी आमची आळी भरलेली होती. माझ्या आठवणीत एकेक घर इस्रायलला गेलं, आणि प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवायला बाबांना रेवदंड्याला निरोप पाठवावे लागायचे. आमच्या प्रार्थनेच्या घराला आम्ही मशीदच म्हणायचो, आजोबा-पणजोबांपासून. मोहल्ल्यातली ती मोठी मशीद, आमची ती धाकटी. गावात यावरून कुणाचा कधी घोटाळा झाला नव्हता.

तर या धाकट्या मशिदीत चोरी झाली होती. आमच्यात तोरेची, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची, जी पवित्र गुंडाळी असते तिच्या दोन दांड्यांवर चांदीचे दोन तुरे बसवलेले असतात, बारीक बारीक घुंगरू लावलेले. गुंडाळी बाहेर काढली की ते छुमछुम वाजतात आणि सगळे उठून उभे राहतात. त्यांना म्हणतात रिमोनिम. नव्याच्या सणाला, म्हणजे आमच्या नववर्षाला, पहाटे पेटी उघडली तर गुंडाळी होती आणि तुरे नव्हते. बाबा मशिदीचे मुकादम, म्हणजे सगळी जबाबदारी त्यांच्यावर. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सण उलटल्यावर ते तडक चौकीत गेले.

"काय गेलं?" भोपी हवालदाराने विचारलं.

"रिमोनिम. दोन."

"माणसं का वस्तू?"

"वस्तू. हिब्रू शब्द आहे. रिमोन म्हणजे डाळिंब."

भोपी हवालदाराने लिहिलं, डाळिंबं, दोन. पुढे बाबांनी चांदी, घुंगरू, सगळं सांगितलं म्हणे, पण हवालदार डाळिंबांवरच हसत राहिला. संध्याकाळपर्यंत बाजारात एकच बातमी, मास्तरांची दोन डाळिंबं चोरीला गेली आणि मास्तर चौकीत गेले. सगळं गाव हसलं. चांदी गेली आहे हे आमच्या चार घरांपलीकडे कुणाला कळलंच नाही.

हवालदाराने दुसऱ्या दिवशी ओटीवर येऊन विचारलं, "मास्तर, त्या आठवड्यात आत कोण कोण आलं होतं? तो मशिदीत विजेचं वायरिंग करणारा पोरगा होता ना, चर्चच्या वाडीतला, इनास?"

"त्याचं नाव नको," बाबा म्हणाले.

"का?"

"नको म्हटलं ना."

मला तेव्हा वाटलं, बाबा किती न्यायी. गरिबाच्या पोरावर उगाच आळ नको म्हणून बोलले.

फादर छत्री विसरून गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. मी बाबांबरोबर मासळीबाजारात होते. बाबा सुरमईच्या खवल्यांवर नख फिरवून बघत होते. खवल्याशिवायचा मासा आमच्यात चालत नाही, आणि सुरमईला खवले असतात हे जन्मभर ठाऊक असूनही बाबा दर वेळी तपासायचे. तेवढ्यात मोहल्ल्याकडून अब्बासचाचा आले, हातात पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी.

अब्बासचाचा मोठ्या मशिदीचे बांगी. पाच वेळची अजान त्यांची. बाबा आणि ते एका बाकावर बसून शिकलेले. शब्बाथला, शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत, आम्ही आगीला हात लावत नाही. मग शुक्रवारी प्रार्थना झाली की आमच्या मशिदीतले रॉकेलचे दिवे विझवायला अब्बासचाचा यायचे. इतकी वर्षं, एक शुक्रवार न चुकवता.

"हौदापाशी कुणीतरी घुंगरू ठेवून गेलंय," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "जुम्म्याच्या नमाजानंतर विचारलं, कुणाचे नाहीत. मशिदीत घुंगरू कोण आणेल? सापडलेली वस्तू पुकारून धन्याला द्यायची असते, म्हणून बाजारात आलो. चांदीचे दिसतात. ओळखा कुणाचे ते."

त्यांनी पंचा सोडला. छुम झालं. बाबांच्या हातातली सुरमई खाली पडली.

"अब्बास, हे तुझ्याकडे कुठून आले?"

"सांगितलं ना, हौदापाशी."

"आमच्या पेटीतून उठून तुझ्या हौदापाशी चालत गेले?"

"तुझे आहेत? मग बरं झालं, घे." अब्बासचाचांनी पंचा पुढे केला. "डाळिंबं गेली म्हणत होते तुझी. ही कसली डाळिंबं?"

ते मनापासून विचारत होते. पण बाबांना त्यात थट्टा ऐकू आली. गेले दोन-तीन दिवस सगळं गाव त्यांना डाळिंबांवरून हसत होतं.

"वीज येणार म्हणून तुझी दिव्यांची पाळी जाणार," बाबा म्हणाले, "त्याचा राग काढलास होय? आतलं बाहेरचं तुला एकट्याला माहीत. मित्र समजत होतो मी तुला. चोर निघालास."

आता विजेचं बटण बंद करायलाही आम्हाला अब्बासचाचा लागणारच होते, शब्बाथला आम्ही तेही करत नाही. पण रागात एवढं कुणाला सुचतं? मासळीवाल्या गप्प झाल्या. आणि मासळीवाल्या गप्प झाल्या म्हणजे काय झालं असेल ते तुम्हीच समजा.

अब्बासचाचांनी पंचा मासळीच्या ओल्या फळीवर ठेवला आणि नुसते बाबांकडे बघत राहिले. भोपी हवालदार चहाच्या दुकानातून उठून आला. बाबांनी हट्टच धरला, तेव्हा तो नाइलाजाने चाचांना घेऊन चौकीकडे निघाला. वाटेत त्याने विचारलेलं मी ऐकलं. "तुमच्यात तर हात तोडतात ना हो, चाचा?"

"भुकेल्याचा नाही तोडत," अब्बासचाचा चालता चालता म्हणाले. "शंका असेल तिथे नाही तोडत. आणि हवालदार, शंका कुठे नसते? तुमचा मास्तर सोडून सगळ्यांना असते."

मला रडू यायला लागलं, आणि त्याच वेळी डोक्यात काहीतरी टोचायला लागलं. वस्तू गुपचूप परत आली तर नाही चालत? फादर कालच विचारून गेले होते. मी घरून त्यांची छत्री उचलली आणि चर्चच्या वाडीकडे सुटले.

फादर बागेत केळीला पाणी घालत होते. मी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांच्या हातातलं पाणी केळीवरून वाटेवर, आणि वाटेवरून माझ्या पायावर.

"मोठ्या मशिदीत?" ते पुटपुटले. "हौदापाशी?"

"फादर, कुणी ठेवलं ते?"

"मला विचारू नकोस, सिपोरा."

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत आहे असंही मी म्हणालो नाही. माहीत नाही असंही म्हणालो नाही." त्यांना घाम फुटला होता. "कुणी पापनिवेदनाला येतं, तेव्हा तो माझ्याशी बोलत नसतो. माझे फक्त कान असतात. त्या कानांना तोंड नसतं. मला तुरुंगात टाकलं तरी नसतं."

"तुम्हाला नाही टाकत, अब्बासचाचांना टाकतायत."

फादर तिथेच दगडावर बसले. वसईचा धिप्पाड माणूस, पण तोंड अगदी लहान मुलासारखं झालं होतं. मला त्यांची दया आली आणि रागही आला. एवढं मोठं गुपित पोटात ठेवायचं आणि वर चांगला माणूसही असायचं, हे त्यांना जमत नव्हतं.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून फिलूबाई बाहेर आल्या. या फादरांच्या सख्ख्या मावशी, त्यांचं जेवणखाण बघायला वसईहून आलेल्या. फादरांनी सहा महिन्यांत गावची सगळी बोली उचलली होती. मावशी मात्र चुलीपासून विहिरीपर्यंतच फिरायच्या.

"काय झालं? पोर का रडतेय?" त्यांनी विचारलं.

"कुणीतरी मशिदीत चांदीचे घुंगरू ठेवले, मावशी, आणि भलत्यालाच पकडलंय."

"कुणीतरी काय, मीच ठेवले," फिलूबाई म्हणाल्या. "सिरिल म्हणाला, ही पुरचुंडी मशिदीत ठेवून ये, कुणाशी बोलू नको. म्हणून गेले, मिनार बघितला, पाण्याजवळ ठेवून आले. कुणाशी बोलले पण नाही. का, काय चुकलं?"

फादरांनी कपाळाला हात लावला. "मावशी, मशीद म्हणजे यांची. इस्रायलांची."

"यांची मशीद? यांची कशी मशीद? हे काय मुसलमान आहेत?"

"इथे म्हणतात तसं."

"मग तू तसं सांगायला नको?" फिलूबाईंनी पदर खोचला. "मला कुणी पापबिप सांगितलेलं नाही. माझ्या कानांना तोंड आहे. चल गं, कुठे आहे ती चौकी?"

चौकीत फिलूबाई जे बोलल्या ते वसईच्या बोलीत, एका दमात, आणि भोपी हवालदाराला मधे एक शब्द घालायला जागा न ठेवता. हवालदार उठून फादरांकडे गेला. पुरचुंडी कुणी दिली? फादर म्हणाले, हवं तर मला आत घाला. पाद्र्याला आत घालायची हवालदाराची छाती नव्हती. पुरचुंडी चर्चमधून आली, म्हणजे चर्चच्या वाडीतलं कुणीतरी, म्हणजे ज्याचं आमच्याकडे येणंजाणं झालं होतं तो. हे मला कळलं, हवालदारालाही कळलं. तो बाबांना म्हणाला, "आता घेऊ का त्याचं नाव?"

"वस्तू मिळाली," बाबा म्हणाले. "माझं काही म्हणणं नाही."

अब्बासचाचा बाकावरून उठले. बाबा दारातच उभे होते. चाचा त्यांच्या अंगावरून सरळ पुढे गेले. त्या शुक्रवारी आमच्या मशिदीतले दिवे विझवायला कुणी आलं नाही. नवी वीज अजून जोडायची होती, जुने दिवे तेल संपेपर्यंत जळत राहिले.

आता खरी गोष्ट पुढे आहे. येत्या मंगळवारी संध्याकाळी आमची दारफाळणी लागत होती. हा आमचा प्रायश्चित्ताचा सण. सूर्य बुडायच्या आत आंघोळ करून, पांढरे कपडे घालून घराची दारं लावून घ्यायची, दुसऱ्या दिवसभर कडक उपास, फक्त देव आणि आपण. पूर्वी तर आंघोळ झाल्यावर बाहेरच्या माणसाला शिवतही नसत. त्या दिवशी देव माफ करतो. पण त्याच्याशी केलेलं तेवढंच. माणसाशी केलेलं त्या माणसानेच माफ करायचं असतं, आणि तेही दार लागायच्या आत. फादरांना बाबांनी जो धडा दिला होता तो आता त्यांनाच लागू होता, आणि हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्यांचं जेवण तुटलं.

रविवारी बाबा अब्बासचाचांच्या ओसरीवर गेले. मी मागे होतेच.

"अब्बास, माझं चुकलं. माफ कर."

अब्बासचाचा जाळ्याला गाठी मारत होते. त्यांनी वर बघितलं नाही. "आज वेळ नाही. उद्या ये."

सोमवारी गेलो. "उद्या ये."

घरी येताना बाबा रागावलेले. "मुद्दाम करतोय."

"करू दे," मी म्हटलं.

"करू दे तर करू दे. उद्या तिसरी वेळ. तीनदा मागून त्याने नाही दिली, तर मी सुटलो. मग दोष त्याच्यावर. तसा नियमच आहे आपल्यात."

"सुटलो म्हणजे काय, बाबा? ही काय एसटीची रांग आहे, तीनदा उभं राहिलं की तिकीट मिळायला?"

घर येईपर्यंत बाबांनी तो नियम पुन्हा काढला नाही. फटकळ असण्याचा एवढा तरी उपयोग असतो.

मंगळवारी दुपार कलल्यावर बाबांनी आंघोळ केली, पांढरा सदरा घातला, पांढरी टोपी घातली आणि अंग चोरत, कुणाचा धक्का लागू नये म्हणून कडेकडेने, मोहल्ल्यात गेले. या वेळी अब्बासचाचा ओसरीवर वाटच बघत बसले होते.

"ये, हायेम. आज तिसरी ना?"

बाबा चपापले. "तुला ठाऊक आहे?"

"तुमचे दिवे विझवत जन्म गेला माझा. दारामागे उभा राहून सगळं ऐकलंय. मी आज नाही म्हटलं तर तू मोकळा आणि मी पापी, असं आहे ना?"

"तसं आहे," बाबा हळूच म्हणाले. "पण मी त्यासाठी नाही आलो. काल रात्रीपर्यंत त्यासाठीच येणार होतो. आज नाही. मला झोप लागत नाही, अब्बास. तू नाही म्हटलंस तर मी उद्या दार लावून कुणापुढे बसू?"

अब्बासचाचांनी जाळं बाजूला ठेवलं. "मग ऐक. आमच्यात अल्ला स्वतःचा हक्क सोडतो, पण माझा हक्क तो सोडत नाही. तो मीच सोडायचा. आणि मी सोडायला तयार आहे, शुक्रवारीच होतो. पण चोर कुठे म्हणालास मला?"

"बाजारात."

"मग माफी माझ्या ओसरीवर कशी मागतोस? इथे तर मी चोर नव्हतोच. माझी बायको, माझ्या सुना, यांना माहीत आहे मी कोण ते. जिथे चोर केलंस तिथे चल."

बाबांनी आपल्या पांढऱ्या कपड्यांकडे बघितलं, मग उन्हाकडे. नारळाच्या झावळ्यांत उतरलं होतं ऊन. त्या वेळी बाजार माणसांनी फुललेला, मासळीचं पाणी वाहत असलेला.

"चल," बाबा म्हणाले.

मासळीच्या त्याच फळीपाशी बाबा उभे राहिले. पांढऱ्या कपड्यांवर दोन पावलांत शिंतोडे उडाले होते. ते शाळेतल्या आवाजात म्हणाले, "शुक्रवारी मी इथे अब्बासला चोर म्हणालो. तो चोर नाही. तो सापडलेली वस्तू द्यायला आला होता. मी खोटं बोललो, आणि मी त्याची माफी मागतो."

"सोडला मी माझा हक्क," अब्बासचाचा तितक्याच मोठ्याने म्हणाले. "कयामतीला तुझ्यामागे लागणार नाही, हायेम. जा."

मासळीवाल्या पुन्हा बोलायला लागल्या, एक तर डोळे पुसायला लागली. माझा जीव भांड्यात पडला. आणि तेवढ्यात चहाच्या दुकानासमोरच्या शिडीवरून कुणीतरी खाली उतरलं. इनास. हातात पक्कड होती. तो दिवा लावत होता तिथे.

"मास्तर," तो म्हणाला, "मलाही म्हणाला होतात."

बाबा जागच्या जागी थिजले.

"काम संपलं त्या दिवशी. तारेचं भेंडोळं कमी भरलं म्हणून. माझी आई डबा घेऊन आली होती, तिच्यासमोर म्हणालात. तेव्हा मी चोर नव्हतो."

"माहीत आहे," बाबा म्हणाले.

"नंतर झालो. चोर म्हणतात तर चोर होऊन दाखवू, म्हणून झालो. फादरांनी सांगितलं, देवाने तुला माफ केलंय. प्रार्थना दिल्या त्या सगळ्या म्हटल्या मी. पण तुमच्या दारावरून जाता येत नाही मला. गल्ली टाळून जातो."

भोपी हवालदार बशी खाली ठेवून उठायला लागला. "म्हणजे ही कबुली समजायची का?"

"हवालदार, चहा प्या," बाबा म्हणाले. "डाळिंबं हरवली होती, सापडली. तुम्हीच लिहिलं होतंत, डाळिंबं." मग ते इनासकडे वळले. त्यांचा आवाज शाळेतला राहिला नव्हता. "भेंडोळं माझ्या माळ्यावर निघालं. दुसऱ्याच दिवशी. मी तुझ्याकडे यायला हवं होतं. आलो नाही. लाज वाटली म्हणून आलो नाही, आणि मग तुरे गेले, आणि डोकं थंड झाल्यावर तूच नेलेस हेही मला कळलं होतं, आणि का नेलेस तेही. म्हणून तुझं नाव घेऊ दिलं नाही. आणि तीच लाज झाकायला तुझ्याऐवजी अब्बासला बोललो."

अख्खा बाजार ऐकत होता. मी माझ्या बापाला असं कधी पाहिलं नव्हतं. लाज वाटायला हवी होती मला, पण माझी छाती अभिमानाने इतकी भरून आली की श्वास घेता येईना.

"इतक्या लोकांसमोर बोलायचं असतं का?" इनास ओशाळून म्हणाला. "आमच्यात हे जाळीआडून, कानात होतं."

"आमच्यात जाळी नाही रे," बाबा म्हणाले. "मला माफ कर."

"आधी तुम्ही मला करा."

"केलं."

"मग मीही केलं."

"आता पळ, हायेम," अब्बासचाचा म्हणाले. "तुझं दार लागायची वेळ झाली."

आम्ही निघालो. बाबा झपझप चालत होते, शिंतोड्यांचे कपडे, टोपी वाकडी. मध्येच थांबले. "सिपू, आणखी कुणाला चोर म्हणालोय का मी?"

"खरं सांगू?"

"सांग."

"दूधवाल्या कानूला. दर महिन्याला म्हणता. पोस्टमनला, पार्सल फाटलं होतं तेव्हा. आणि शलोममामांना, त्यांच्या अंगणातल्या फणसावरून."

मग आम्ही अक्षरशः धावलो. कानू म्हशीखाली बसला होता, त्याला काही कळलंच नाही, तो म्हणाला बरं बरं. पोस्टमन घाबरला. शलोममामा दार लावतच होते, त्यांनी फटीतून हात बाहेर काढून बाबांचा हात दाबला आणि म्हणाले, फणस तूच खाल्ला होतास. आम्ही दोघं हसत, धापा टाकत घरी पोचलो. आई दारात उभी होती. सूर्य खाडीला टेकला होता.

"अहो, आत या आता," आई म्हणाली.

बाबा पायरीवरच उभे राहिले. "सिपू, कुणी राहिलं नाही ना?"

"नाही," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. आता सांगते, मघापासून एक गोष्ट मी गाळली आहे. आमच्या मशिदीची किल्ली माझ्याकडे असायची. तुरे गेलेले कळले त्या दिवशी, कुणाचंही नाव निघायच्या आधी, बाबांनी माझी कपड्यांची पेटी ओटीवर आणून उपडी केली होती. रेवदंड्याहून आलेले सगळे पुरुष बघत होते. माझं सगळं, आतले कपडेसुद्धा, फरशीवर. चोर हा शब्द ते बोलले नव्हते. म्हणून मी स्वतःला मोजलं नव्हतं.

"तू राहिलीस," बाबा म्हणाले. त्यांनी माझ्यासमोर हात जोडले. "मला माफ कर, बाळ."

पण जीभ ती माझीच. मी म्हटलं, "उद्या या."

आई म्हणाली, "अगं, उद्या दार बंद."

"दार बंद असेल," बाबा म्हणाले. "पण मी आत असेन आणि तीही आतच असेल. दिवसभर मागेन."

आणि मागत राहिले. उपाशी पोटी, पुस्तकातून मान वर करून, मध्ये मध्ये, तीनदा झाल्यावरही. खरं तर मी त्यांना तिथे पायरीवरच माफ केलं होतं. सांगितलं मात्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, दार उघडताना.